तीन ठशांचं घुबड

आजारपणानंतर थोरल्या जावेचा उजवा हात थरथरायला लागला आणि घरातल्या पुरुषांना एकाएकी तिची काळजी वाटायला लागली. इतकी वर्षं ती जेवणाच्या टेबलावर ठसे उमटवून शुभेच्छापत्रं बनवत होती, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता नवरा म्हणाला, "हे घुबडाचं काम जमलं तर जमलं, नाहीतर टेबल रिकामं कर. छंदच तो."

छंद! बाईने जीव ओतून केलेल्या कामाला घरात हाच एक शब्द असतो.

कागदाच्या दुकानदाराला शुभेच्छापत्रांसाठी तिने काढलेलं घुबड आवडलं होतं. छाप मात्र स्वच्छ हवी, म्हणाला. तिला काम सोडायचं नव्हतं, आणि हात ऐकत नव्हता.

धाकटी जाऊ भांडत बसली नाही. तिने एकाच घुबडाचे तीन ठसे टेबलावर मांडले.

"कोणता तुमच्या हाताशी जमवून घेतो, बघू या तरी."

लाकडी ठोकळ्यावरचा रबरी ठसा थोरलीचा जुना सोबती. रेघ बारीक, शाई भरपूर. पण ठोकळा कागदावर टेकतानाच डगमगला आणि घुबडाला चार डोळे आले.

"भाऊजी चष्म्यात असेच दिसतात," धाकटी म्हणाली.

"गप गं!" थोरली म्हणाली, पण हसली.

दुसरा ठसा पारदर्शक, काचेसारख्या ठोकळ्याला चिकटवायचा. कुठे टेकतोय ते आरपार दिसतं. पण नव्या गुळगुळीत ठशावर शाईचे थेंब थेंब झाले. धाकटीने त्यावर खोडरबर हलकेच घासलं, तशी शाई बसली. हात जरा जास्त दाबला गेला आणि घुबड सुजलं.

"दाढदुखी," थोरलीने निदान केलं.

तिसरा धाकटीने स्वतः खोडरबरावर कोरलेला. हलका, मऊ, पण रेघा जाडजूड; हात थरथरला की कडांचेही डाग उठायचे.

थोरलीचा संयम सुटला. "कुणाला फसवतेस गं? खोट हातात आहे!" तिने शाई लावलेला लाकडी ठोकळा ठसा वर करून उताणा आपटला आणि वर कोरा कागद फेकून तळवा हाणला.

धाकटीने कागद उचलला. एक पंख गायब होता, पण तळव्याखालचा डोळा लख्ख उठला होता.

"जाऊबाई, हे बघा! हात टेकवताना आणि उचलताना घात करतो. ठसा हललाच नाही तर?"

"म्हणजे ठशावर कागद ठेवायचा? डोक्यावर पडलीस का?"

"पडले तर पडले. करून बघायला काय जातंय?"

तिने पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या टेबलावर काटकोनात चिकटवून उताण्या ठोकळ्याशेजारी कोन केला. कागदाचा कोपरा तिथे अडकवायचा. थोरलीने धड असलेल्या डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि उजव्याने त्यावर चमच्याची पाठ फिरवली. हात थरथरतच होता. थरथरू दे! घासायलाच तर लावला होता त्याला.

घुबड पिसापिसासकट उठलं.

मग दोघींना चैनच पडेना. पारदर्शक ठसा असाच उताणा घासून पाहिला, तर रेघा चेपल्या आणि कागद चिकटला. खोडरबराचा ठसा कागदासोबत सरकला. चार डोळे काढणारा लाकडी ठोकळाच दगडासारखा बसून राहिला. जड होता म्हणूनच हातात नकोसा झाला होता, आणि जड होता म्हणूनच टेबलावर हलत नव्हता.

नवरा आत डोकावला. सगळ्या टेबलभर घुबडं वाळत पडलेली.

"अगं, टेबल रिकामं करणार होतीस ना?"

"कोण म्हणालं? तुम्हीच," थोरलीने मानही वर केली नाही. "त्या कागदाला हात लावू नका, ओला आहे. आणि तिकडे उभं राहा, उजेड अडतोय."

तो बाजूला सरकला. तिने ठोकळा हातात घेऊन उलटसुलट केला, मग धाकटीकडे पाहिलं.

"ऐक ना. आता हा उचलायचाच नाही, तर मुठीत मावेल एवढाच का करायचा?"

"किती मोठा हवा?"

थोरलीने पेन्सिल घेतली आणि कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंखाची वाकडीतिकडी रेघ ओढायला लागली.