वझेकाकांना भांडण हवं होतं

आईनं माझं नाव विनया ठेवलं, तिथंच गंडलं. कोल्हापूरची मी, तोंडाची फटकळ, आणि नशिबानं आले कुठं, तर चंडीगडला, जिथं भांडायचं म्हटलं तरी हिंदीत भांडावं लागतं. नवरा चंडीमंदिरला फौजेत, आणि मी एका छोट्या ट्रस्टमध्ये नर्स. कॅन्सरचे जे पेशंट आता बरे होणार नाहीत म्हणून हॉस्पिटलनं घरी पाठवलेत, त्यांच्याकडं जायचं आणि त्यांचं दुखणं हलकं करायचं, हे आमचं काम. आमचं म्हणजे माझं आणि परमजीत सिस्टरचं. ती कायनेटिक होंडा चालवायची, मी मागं बसायचे, मांडीवर औषधांची पेटी आणि डोक्यावर, हो, डोक्यावरच, कधी कधी कमोडची खुर्ची. चौकाचौकात लोक मान वळवून बघायचे. बघेनात का.

कारगिलच्या आदल्या वर्षीची गोष्ट. ट्रस्टकडं एक खोली होती आणि बाकी सगळा जुगाड. जुनी मऊ धोतरं फाडून ड्रेसिंगचे पॅड शिवायचे आणि प्रेशर कुकरमध्ये वाफवून डब्यात भरायचे. टाचा सोलवटू नयेत म्हणून खाली पाणी भरलेले रबरी हातमोजे ठेवायचे. पलंग उंच करायला विटा. एकदा परमजीतनं पॅडचा डबा घरी ठेवला आणि जेवणाचा डबा ड्रेसिंगला आणला. पेशंट होते एक म्हातारे सरदारजी. उघडलेल्या डब्याकडं बघून म्हणाले, ‘पुत्तर, ये परांठा खाना है या ज़ख़्म पे लगाना है?’

तर वझेकाका. श्रीपाद वझे, मूळचे रत्नागिरीचे, सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेतून रिटायर झालेले इंजिनिअर. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा कुशीवर वळायचं म्हटलं तरी माणूस ओरडत होता. मॉर्फिन सुरू केलं. त्याच्या जोडीला पोट साफ व्हायचं औषधही, कारण मॉर्फिन दुखणं थांबवतं आणि त्याबरोबर बाकीचंही सगळं थांबवतं. थोड्या दिवसांत काका उशीला टेकून बसायला लागले. मी खूश. म्हटलं, ‘काका, आता काय त्रास आहे?’

‘बायको,’ काका म्हणाले.

‘काय करतात काकू?’

‘भांडत नाही माझ्याशी.’

‘मग सुखात आहात की!’

‘डोंबलाचं सुख! अगं, लग्न झाल्यापासून रोज भांडलीय ही बाई. ओल्या टॉवेलावरून, पंख्यावरून, माझ्या आईवरून, तिच्या भावावरून. रिपोर्ट आले आणि सगळं बंद. मी म्हणतो, चहा पुचाट झालाय. तर म्हणते, दुसरा करते हं. हं! विनया, ती मला ‘हं’ म्हणाली! फोटोला हार घालताना बोलतात ना, तशी बोलते. मी काय आत्ताच मेलोय का?’

मी हसायला लागले, पण काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘दुखणं तू थांबवलंस, आता हे तेवढं बघ,’ ते म्हणाले. ‘जायच्या आधी तिनं एकदा माझ्यावर खरंखुरं खेकसायला हवं. फार एकटं वाटतं गं मला.’

जिन्यात मी परमजीतला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘लड़ाई चाहिए? मेरी सास को भेज दूँ?’

काकांनी स्वतःही कसर सोडली नव्हती. ओला टॉवेल मुद्दाम काकूंच्या उशीवर टाकला, काकूंनी तो गुपचूप वाळत घातला. ऐन थंडीत पंखा पाचवर केला, काकूंनी स्वेटरवर शाल घेतली. शेवटी काकांनी सरळ काकूंच्या माहेराला हात घातला. ‘तुमच्या नागपुरात संत्री सोडून आहे काय?’ काकू म्हणाल्या, ‘खरंय तुमचं.’ हे मला सांगताना काकांनी कपाळावर हात मारला. ‘खरंय तुमचं म्हणाली! नागपूरची बाई!’

मग मी मदतीला उतरले. घरून पोहे करून नेले आणि काकांनी ते मिटक्या मारत खाल्ले. ‘असे पोहे या घरात जन्मात झाले नाहीत,’ असं तीनदा म्हणाले. काकूंनी माझ्याकडं कृती मागितली. दुसऱ्या खेपेला काकांनी काकूंच्या मालिकेत लग्न लागायच्या क्षणी रिमोट दाबून शेतीचा कार्यक्रम लावला. एक माणूस पंजाबीत बटाट्याच्या रोगांची माहिती देत होता. काकू शेवटपर्यंत बघत बसल्या आणि म्हणाल्या, ‘किती छान सांगतात नाही?’ काकांनी उशीत तोंड खुपसलं.

आता माझंच डोकं फिरलं. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, ‘काकू, तुम्ही काकांशी भांडत का नाही?’

सुमनकाकूंनी गॅस बंद केला. मग हळूच म्हणाल्या, ‘मनसादेवीच्या देवळात नवस बोलून आलेय मी. म्हटलं, बये, माझी जीभ वाईट, जन्मभर त्यांना टोचून बोलले. आजपासून वाकडा शब्द काढणार नाही, पण तू यांना बरं कर.’ त्यांनी माझा हात धरला. ‘आणि होतायत ना गं बरे? उठून बसतात आता.’

बाई गं! औषधानं दुखणं थांबलंय, आजार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. परत एकदा सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, ‘चहा टाकू?’

काकांपासून मी काही लपवलं नाही. ‘वेडी आहे,’ काका म्हणाले. मग म्हणाले, ‘मंगळवारी ये. परमजीतलाही आत आण. साक्षीदार लागतील.’

मंगळवारी गेलो तर काका भांग पाडून बसलेले. मी पेटी उघडायच्या आत त्यांनी आवाज चढवला, स्वयंपाकघरात जाईल इतका. ‘विनया, माझ्या तेराव्याचा बेत ठरवायचाय!’

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

‘गोड काय करायचं? मी म्हणतो, सेक्टर बावीसमधनं जिलबी मागवा. गरमागरम. घरचं श्रीखंड अजिबात नको. सुमनचं श्रीखंड आंबट असतं! लग्नाच्या वर्षापासून आंबट असतं! मी खाल्लं मुकाट्यानं, पण लोकांना कशाला शिक्षा? आधीच मी मेलेला, त्यात ते श्रीखंड!’

पडदा हलला. काकू दारात उभ्या, हातात झारा.

‘काय म्हणालात?’

‘आंबट,’ काका म्हणाले.

‘आंबट?’

‘आंबटढाण.’

आणि मग जे सुटलं ते सुटलं. ‘अहो, वाटी चाटूनपुसून खायचात तेव्हा लाज नाही वाटली? माझ्या श्रीखंडाला नावं ठेवता? तुमच्या आई तर चक्का धोतरात टांगायच्या. मामंजींच्या नेसत्या धोतरात!’

‘धुतलेल्या!’

‘मी बघितलंय किती धुतलेल्या ते! आणि जिलबी? माझ्या घरी तेराव्याला बाजारची जिलबी? लोक म्हणतील, नवरा गेला आणि हिला चूल पेटवायचा कंटाळा!’

‘चूल कुठाय, गॅस आहे.’

‘मध्ये बोलू नका! जन्मभर ओले टॉवेल टाकलेत बिछान्यावर, एक काम कधी मला विचारून केलं नाहीत, आणि आता मरायला निघालात तेही न विचारता! मी काय करायचं इथं? या परक्या गावात मी एकटीनं काय करायचं? कुणाशी भांडायचं मी?’

झारा खाली पडला. काकूंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. ‘अगंबाई,’ त्या म्हणाल्या, ‘बोलले मी. मोडला.’ आणि मटकन पलंगाच्या कडेला बसल्या.

काकांनी त्यांचा हात ओढून घेतला. ‘सुमन, देवी रागवायची नाही. मीच मोडायला लावला तुझा नवस. मी बरा होत नाहीये गं, तुलाही ठाऊक आहे. पण तू गोड बोलायला लागलीस ना, तेव्हा फार भीती वाटली मला. आत्ता नाही वाटत.’

काकू त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडल्या. मीही रडले. परमजीतला मराठी ओ की ठो कळत नाही, पण सगळ्यांत जास्त तीच रडली. थोड्या वेळानं खांद्यावरूनच आवाज आला.

‘खरंच आंबट असतं?’

‘फार.’

‘मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?’

‘तुझी भीती वाटायची.’

‘भीती? माझी? मी काय वाघीण आहे?’ आणि परत सुरू झालं. आम्ही औषधं टेबलावर ठेवून सटकलो. खाली स्कूटरपर्यंत ऐकू येत होतं. परमजीत म्हणाली, ‘पक्का, अब ये ठीक हैं.’ आमच्या धंद्यात ठीक म्हणजे एवढंच.

त्यानंतर काका होते तोवर त्या घरात जिलबी की श्रीखंड यावर एकमत झालं नाही. दुखणं वाढलं तसं मी मॉर्फिन वाढवत नेलं, आवाज बारीक होत गेला, पण वाद थांबला नाही. थंडी सरता सरता एका सकाळी काका गेले. काकू सांगतात, त्या तेव्हा रजईवरून काहीतरी बोलत होत्या आणि काका ऐकत होते.

तेराव्याला अर्थातच श्रीखंड. घर भरलं होतं. युनिव्हर्सिटीतली मराठी मंडळी, फौजेतल्या बायका, बंगलोरहून आलेली काकूंची मुलगी संपदा. सगळे कुजबुजत्या आवाजात बोलत होते आणि एकेकजण काकूंना सांगत होता, काय सुंदर झालंय, अप्रतिम, तुमच्या हाताची चव. संपदा म्हणाली, ‘आई, खूप छान झालंय.’ काकू वाढत होत्या आणि प्रत्येकाला म्हणत होत्या, ‘हं.’

ते ‘हं’ मी ओळखलं, काका म्हणाले होते तेच, फोटोला हार घालतानाचं.

मी श्रीखंड तोंडात घातलं. देवा रे! दात आंबले. शेजारी परमजीतचा एक डोळा आपोआप मिटला होता. काकू माझ्यासमोर आल्या. ‘विनया, घे ना अजून.’

‘नको काकू,’ मी म्हटलं. ‘आंबट आहे.’

खोलीतले चमचे थांबले. संपदानं मला कोपरानं ढोसलं.

‘काय म्हणालीस?’

‘आंबट आहे. काकांचं बरोबर होतं. जिलबी आणायला हवी होती.’

काकूंच्या गालांवर हळूहळू रंग चढला. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि पदर खोचला. ‘तू? तू मला सांगतेस? कोल्हापूरची तू, रस्से ओरपून जीभ जळलीय तुझी, तुला श्रीखंडातलं काय कळतंय गं? त्यांच्या बाजूनं बोलायला बरी येतेस! ते पोहे आणलेले आठवतात का? मीठ होतं का त्यात? मी कृती मागितली ती काय चुकलं ते बघायला!’

फौजेतल्या बायका हादरून बघत होत्या. मला वाटलं आता जावं, म्हणून उठायला लागले.

‘बस खाली,’ काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला होता, पण चांगला खणखणीत होता. ‘माझं झालेलं नाही अजून.’

मी बसले आणि वाटी पुढं केली. म्हटलं, ‘वाढा.’