स्टॉलच्या मागे

"मग उद्या कॉलेजच्या स्टॉलवर तू काय करणार?" शिलाई मशीन थांबवत मावशीने विचारलं.

"मागे बसून पिशव्या पुरवणार," भाची म्हणाली. "सरांनी वाटणीच केलीय. मुलींनी माल बघायचा, मुलांनी गिऱ्हाईक."

"आणि जुन्या छत्र्यांच्या कापडाच्या पिशव्या शिवायच्या, हे सुचलं कोणाला?"

"मला. पण चारचौघांत बोलता येत नाही गं मला."

कॉलेजात असताना मावशीनेही उद्योजकतेचा वर्ग केला होता. काय दिवस होते ते! वर्गभर डिंकाचा वास, बोटांना रंग आणि तिने शिवलेले लांब कानांचे कापडी ससे. स्टॉलवर विकायला मात्र एक मुलगा उभा आणि ती टेबलामागे बसलेली. तो पाणी प्यायला म्हणून गेला तो येईचना, तेव्हा ती उठली. आधी तोंडातून शब्द फुटेना. मग असा काही आवाज लागला की शेजारच्या स्टॉलवरची गर्दी तिच्याकडे वळली आणि ससे हातोहात खपले. सर आले ते थेट त्या परतलेल्या मुलाची पाठ थोपटायला. ती पुन्हा टेबलामागे जाऊन बसली. पुढे जन्मभर तिने दुसऱ्यांच्या दुकानांसाठी शिवलं, पण ती दुपार आठवली की अजून तिला बरं वाटायचं.

"ऊठ. खिडकीत जा आणि ओरड," ती भाचीला म्हणाली.

"इथे? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की!"

भाची ढिम्म हलेना. शेवटी मावशीच खिडकीशी गेली आणि तिने घसा खाकरला.

"पिशव्या घ्या, पिशव्या! भिजणार नाहीत, फाटणार नाहीत, नवऱ्यापेक्षा जास्त टिकतील!"

समोरच्या खिडकीतून पेन्शनर काका डोकावले. भाचीने तोंडावर हात ठेवला.

"अहो, तुम्ही होय!" काका थक्क झाले. "इतकी वर्षं समोर राहतोय, तुमचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला."

मावशीचं हसू तिथेच विरलं. काकांचं काही चुकलं नव्हतं.

तेवढ्यात भाची तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "काका, उद्या कॉलेजात या," ती म्हणाली. आवाज कापत होता. "स्टॉलवर पुढे मीच असेन."

"सर काही म्हणणार नाहीत ना?" मावशी पुटपुटली.

"म्हणू देत की."

"ओझं पेलेल का गं पिशवीला?" काकांनी विचारलं.

भाची सांगू लागली. दुहेरी शिवण, रुंद बंद, आतला कप्पा. बोलता बोलता तिचा आवाज मोठा झाला. मावशी मागे उभी राहून ऐकत होती. डोळे पुसायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने एक नवी पिशवीच उचलली. छत्रीचं कापड ते, पाणी काही टिपेना.