नऊ राणीघरं

पेटीत राणी नाही हे कळलं तो रविवार होता. माझी बायको, ही, जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

पेटी हिची. मधमाशी मंडळाच्या आवारात, मागच्या कुंपणापाशी. शेजारच्या तीन पेट्या हिच्याच पेटीतल्या माश्या वाटून केलेल्या, पण त्यांना 'मंडळाच्या' म्हणायचं असतं. मंडळही हिनेच पाच जणांना घेऊन काढलं. आता सभासद साठ आहेत. त्यातले माश्यांना हात लावणारे दोघं, आणि त्यांनीही लावला नसता तर बरं झालं असतं.

मी सभासद नाही. लेथवर काम केलेला माणूस. एकवीस वर्षं हिच्या मागे धुराचं भांडं घेऊन उभा राहिलो, 'पुढे या, मागे सरका' ऐकलं, तेवढंच माझं शिक्षण. त्या दिवशी मी गेलो होतो फोटो द्यायला. हिच्या नावाची पाटी लावायची होती. आधी दिलेला फोटो त्यांनी परत केला होता, त्यात ही हसत नव्हती म्हणून.

कुंपणापाशी गेलो तर पेटीचा आवाज बदललेला. नेहमी एकसारखी घरघर असते, तिथे कण्हल्यासारखं चाललं होतं. झाकण काढलं. हिने शिकवलं होतं तसं उन्हाकडे पाठ करून पोळ्याची एकेक चौकट बघितली. अंडी नाहीत, अळ्या नाहीत. मेणाने झाकलेली थोडी पिल्लं, तीही जुनी.

तेवढ्यात मंडळाचे सचिव आले. हे दातांचे डॉक्टर आहेत. पांढरा कोरा पोशाख, जाळीची टोपी, गळ्यात मंडळाचं ओळखपत्र. माश्या ओळखपत्र बघतात असं त्यांना वाटत असावं.

"काका, ही पेटी एकदम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "मागच्या रविवारी मीच बघितली. नऊ राणीघरं होती. नऊच्या नऊ खरवडून काढली. नाहीतर अर्ध्या माश्या उडून गेल्या असत्या."

"तेव्हा राणी दिसली होती?"

"राणी काय, असतेच हो."

आता हे समजून घ्या. माश्या राणीघरं बांधतात ती दोन कारणांनी. घरात गर्दी झाली आणि अर्ध्या जणी वेगळ्या निघणार असल्या तर. नाहीतर राणी मेली आणि नवी करायची असली तर. म्हणून राणीघराला हात लावण्याआधी राणी शोधायची. एवढं मलासुद्धा माहीत आहे, आणि मी धूर धरणारा.

राणी मेली कशी, तेही त्यांच्याच तोंडून कळलं. राणीघरं खरवडली त्याच्या आधीच्या रविवारी 'माशीशी मैत्री' नावाचा कार्यक्रम होता. जो येईल त्याला राणी बघायची होती, म्हणून दिवसभरात पेटी अकरा वेळा उघडली. अकराव्या वेळी राणी सापडेना, तेव्हा लोकांना सांगितलं की राणी लाजाळू आहे. ती दोन चौकटींमध्ये चिरडली गेली होती. माश्यांनी रडत न बसता नवी राणी करायला घेतली, नऊ ठिकाणी. ते डॉक्टरांनी कीड काढावी तसं काढलं.

उपाय एकच होता. शेजारच्या पेटीतली ताज्या अंड्यांची एक चौकट इकडे द्यायची. त्यातून माश्या पुन्हा राणी करतात. पण उशीर केला तर पेटी संपते. हे मी त्याच दिवशी अध्यक्षांना सांगितलं. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना साहेब म्हणतात. साहेबांनी विषय सोमवारच्या बैठकीत ठेवला.

बैठकीला सुरुवातीलाच हिच्यासाठी दोन मिनिटं शांतता झाली. त्या दोन मिनिटांत साहेबांचा फोन दोनदा वाजला. मग पुढच्या रविवारच्या मेळाव्याचं निघालं. माशीची वेशभूषा स्पर्धा, मध चाखणे, फोटो काढायला पुठ्ठ्याचं मोठं पोळं. पाटीवर 'मधमाता' लिहायचं की 'मधुमाता', यावर पाऊण तास गेला. हिला यातलं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हटलं असतं तर हिने त्याच्या हातात झाडू दिला असता.

माझा विषय शेवटी आला.

"भाऊ, तुमच्या भावना आम्ही समजतो," साहेब म्हणाले. "पण रविवारी लोक येणार. चौकट काढली तर आमची पेटी विरळ दिसेल."

"तुमची पेटी हिच्या पेटीची लेक आहे. आईला एक चौकट द्यायची आहे."

डॉक्टर हसून म्हणाले, राणी काय, पुढच्या हंगामात विकत आणू. मी म्हटलं, तोवर पेटीत मुंग्या असतील. मग ठराव पुढच्या बैठकीवर गेला आणि चहा आला. मी चहा घेतला नाही.

मंगळवारी दुपारी जाऊन मीच शेजारच्या पेटीतली अंड्यांची चौकट काढून हिच्या पेटीत घातली. विचारलं नाही. तिच्यावर राणी नाही हे तीनदा बघितलं, कारण शेजारची राणी चुकून इकडे आणली असती तर मीही डॉक्टरच ठरलो असतो. मागे धूर धरायला कोणी नव्हतं. चार डंख बसले, एक पापणीवर.

रविवारी मेळाव्यात मी हिच्या पेटीवर दगड ठेवला आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. सुजलेला डोळा तसाच. डॉक्टर दहा-बारा जणांना घेऊन आले आणि म्हणाले, काका, जरा बाजूला व्हा, पाच मिनिटांचं काम आहे.

"ही उघडायची नाही."

"अहो, पेटी मंडळाच्या जागेत आहे."

"मग मंडळाने मला उचलून बाजूला ठेवावं."

कोणी उचललं नाही. पांढऱ्या पोशाखाला डाग पडले असते. तिकडे साहेब माइकवर हिच्या त्यागाबद्दल बोलत होते. तिने मंडळाला लेकरासारखं वाढवलं, म्हणाले. टाळ्या झाल्या, पाटीवरचा पडदा काढला. मी उठलो नाही. पाटीवर काय लिहिलंय ते मी अजून वाचलेलं नाही आणि वाचायचंही नाही.

नवी राणी बाहेर पडून, नरांच्या भेटीला उडून परत येऊन अंडी घालायला लागेपर्यंत महिना जातो. तोवर झाकण उघडायचं नाही, असं हिचं सांगणं असे. महिना गेल्या गुरुवारी झाला. रोज जातो, खुर्चीवर बसतो. माश्या पायांना पिवळे परागकण लावून आत जाताना दिसतात, ते बरं लक्षण आहे. पण खात्री अंडी बघूनच होते, आणि पेटी मी अजून उघडलेली नाही.