ताडपत्रीखालचा मजला

राजेंद्रच्या घरात सकाळचं पहिलं भांडण पाण्यावरून व्हायचं आणि दुसरंही पाण्यावरूनच. २००६ सालची गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्याला लागून त्यांची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी एकच सार्वजनिक नळ, आणि त्याला पाणी कसं, तर कोणीतरी नाक शिंकरावं तसं! चार थेंब, फुर्रर्र हवा, परत चार थेंब.

राजेंद्रची बायको पायल, तिला सातवा लागलेला. त्या दिवशी तिने हंडा आपटला आणि सांगूनच टाकलं, "अहो, मी डिलिव्हरीला आईकडे चालले, उल्हासनगरला. बाळाला घेऊन परत येईन ते घरात नळ आल्यावरच. तोपर्यंत तुम्ही या तिकडे, पाहुण्यासारखे."

"अगं, मी गल्लीचा अध्यक्ष आहे! पाण्यासाठी तीन मोर्चे काढलेत!"

"मग चौथा काढा. मी निघाले."

आणि खरंच निघाली!

आता ह्याच अध्यक्षांचं दुसरं काम ऐका. त्यांच्या घराला वरचा मजला होता. दोन खोल्या, मोरी, मोरीला टाइल्ससुद्धा. पण नगरपालिकेच्या कागदावर काय? खाली एक खोली, वर पत्रे. बस्स! घरपट्टीसाठी मोजणारा माणूस दिसला की नाक्यावरचा पानवाला महिपती राजेंद्रला मिस कॉल द्यायचा. एक रिंग, कट. की गल्लीत पळापळ! लोखंडी जिना आत ओढायचा, वरच्या मजल्यावर निळी ताडपत्री टाकायची, तिच्यावर जुने टायर. एकवीस घरांतल्या वीस घरांची हीच पद्धत. चार मिनिटांत अख्खे मजले गायब! एवढी शिस्त मोर्च्यात कधी दिसली नाही.

पायल गेली त्याच आठवड्यात मिस कॉल आला. हातात टेप आणि वही घेतलेला एक तरुण गल्लीत शिरला. राजेंद्रची आई, द्रौपदीबाई, वरच्या खोलीत डाळ शिजायला लावत होती. ताडपत्री पडली ती तिच्यासकट.

"घरात माणसं किती?" तरुणाने विचारलं.

"मी आणि आई. तीपण जास्त करून गावालाच असते."

"आणि वर?"

"वर काय साहेब, कबुतरं."

तेवढ्यात वरून कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.

"कबुतरं डाळभात खातात वाटतं," तरुण म्हणाला.

"शेजारचा आवाज आहे तो. इकडे घुमतो फार."

आणि ताडपत्रीखालून आवाज आला, "राजा, गेला का रे तो मेला?"

तरुणाने वर बघितलं, राजेंद्रकडे बघितलं, वहीत 'माणसं दोन' लिहिलं आणि पुढच्या घरी गेला. पुढच्या घरी तर सात माणसांची एक म्हातारी झाली! संध्याकाळी गल्लीने वडापाव वाटले.

आठ दिवसांनी राजेंद्र पाण्याच्या अर्जाचं काय झालं म्हणून ऑफिसात गेला. टेबलामागे कोण? तोच टेपवाला!

"मी समीर, पाण्याच्या लाइनचा इंजिनीअर," तो म्हणाला. "तुमच्याच अर्जावरून सर्व्हेला आलो होतो. एकवीस घरं, माणसं सदतीस. एवढ्यांना आहे तो नळ पुरतो. मोठी लाइन दुसऱ्या गल्लीला दिली."

राजेंद्र टेबलावर वाकला. "साहेब, आम्ही दीडशे माणसं आहोत हो!"

"मग मी आलो तेव्हा बाकीची कुठे होती?"



राजेंद्र तोंड पाडून परतला तर मोतीमावशी ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. नगरपालिकेत अठ्ठावीस वर्षं झाडूकाम करून रिटायर झालेल्या. गल्लीत ताडपत्री नसलेलं एकमेव घर त्यांचं. सगळं ऐकून मावशी इतक्या हसल्या की मेथी सांडली.

"हसा तुम्ही! माझं बाळ उल्हासनगरात वाढणार आता," राजेंद्र चिडला. "आणि घरपट्टी भरून तरी काय होतं, मावशी? खातात सगळे!"

"खातात ना? मग जाऊन विचार की, कुठे गेला पैसा! पण तू कसा विचारणार? टेबल आपटायला गेलास तर तो म्हणेल, आधी तुझा मजला दाखव. अरे, ज्या वर्षी लोकांनी भरलं नाही ना, त्या वर्षी आमचा पगार तीन महिने नव्हता आणि दोघींत एक झाडू होता. मी अर्धी गल्ली झाडायचे. उरलेली अर्धी काय तुझा बाप झाडणार होता? मोर्च्यात तुम्ही दीडशे, मोजताना सदतीस. बाकीच्यांचं पाणी कोणाच्या घरून आणायचं रे?"

 पायलचा तो आपटलेला हंडा दारातच पडला होता. राजेंद्रने तो उचलून आत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून थेट घरपट्टीच्या खिडकीवर गेला.

"एका मजल्याची नोंद नाही, ती करायचीय."

क्लार्कने न बघताच कागद ओढला. "कोणाविरुद्ध तक्रार?"

"माझ्याच."

क्लार्कने चष्मा काढला, आतल्या दोघांना हाक मारली. तिघं मिळून राजेंद्रकडे बघायला लागले, जत्रेत बघतात तसे!

गल्लीत बोंबाबोंब झाली. "अध्यक्ष फुटला!" राजेंद्र दारोदार फिरला, शिव्या खाल्ल्या, चहा प्यायला, परत फिरला. चार महिने गेले ह्यात. शेवटी अठरा घरं तयार झाली, दोन अजून रुसलेली आहेत. समीर साहेब पुन्हा मोजायला आले तेव्हा माणसं भरली एकशे बावन्न. मग सगळे पावत्या घेऊन ऑफिसात गेले. राजेंद्रने टेबल आपटलं, "लाइन कधी? तारीख लिहून द्या!" आणि समीर साहेबांनी दिली लिहून!

तारीख दीड महिन्याने चुकली, पण लाइन आली. पायल रिक्षातून उतरली, नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मोरीत गेली आणि नळ सोडला. पाणी भदाभदा! तिने बाळाचे इवलेसे पाय धारेखाली धरले. ते असं किंचाळलं की मोतीमावशी धावत आल्या.

मंडळी, आपल्याला नळ हवा, दिवा हवा, गटार हवं, सगळं हवं. हवंच! पण ते आपल्याच खिशातून उभं राहतं. म्हणून आपला वाटा उजेडात भरायचा, आणि भरला की त्याचं काय केलं हे ताठ मानेने विचारायचं. दोन्ही करील तोच नागरिक!