पिंप कोण उपसणार?

बाबा वहिनीला ‘सूनबाई’ म्हणत होते तोवर माझी काहीच तक्रार नव्हती. ते तिला ‘उस्ताद’ म्हणायला लागले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. आमच्या दुकानात ही पदवी तोवर एकालाच मिळाली होती, आणि ती माझी होती.

दुकान म्हणजे नदीच्या पायऱ्यांवरची पत्र्याची शेड. नावांना मागून लावायच्या मोटरी आम्ही दुरुस्त करतो. मधोमध पाण्याचं मोठं पिंप. दुरुस्त झालेली मोटर त्याच्या काठाला अडकवायची आणि पंखा पाण्यात ठेवून चालवून बघायची. दुकानाचा कायदा एकच: ज्याचं निदान चुकेल त्यानं पिंप उपसायचं. काळं, तेलकट पाणी, मोजून चाळीस बादल्या. मी बाराव्या वर्षापासून उपसलंय. बाबांनीही दोनदा उपसलं, तेव्हा दादा आणि मी काठावर बसून मोठ्यांदा बादल्या मोजल्या होत्या.

मग माझं लग्न झालं, तेही मागच्याच गल्लीत, आणि छोटी झाली. आता छोटी आठ महिन्यांची. सकाळी घरचं आवरून तिला कडेवर घेऊन मी शेडमध्ये यायची ती पाहुणी म्हणून. “बस गं, दमली असशील,” असं बाबा म्हणायचे. दुकानात मला कुणी बस म्हणणं, यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माझ्या जागी वहिनी होती. दादा बोटीवर नोकरीला, सहा महिने बाहेर. ती घरात कंटाळली म्हणून दुकानात आली आणि दुकानाचीच झाली. इंजिनाचा आवाज ऐकायचा लांब स्क्रूड्रायव्हर होता आमचा. टोक इंजिनाला, लाकडी मूठ कानाला. त्या मुठीवर माझ्या दुधाच्या दातांची खूण आहे. ती मूठ आता वहिनीच्या कानाला असायची. आणि परवापरवापर्यंत ‘मामंजी’ म्हणणारी ती, आता सरळ ‘बाबा’ म्हणत होती.

त्या आठवड्यात पैलतीरावर माणसं नेणारे नाववाले काका त्यांची जुनी मोटर घेऊन आले. पंचवीस वर्षांची, पण काकांनी पोरासारखी जपलेली.

“एका झटक्यात सुरू होते,” काका म्हणाले. “दहा मिनिटं वाघ. मग आवाज बसतो, जोर जातो, नाव रांगायला लागते. बंद करून जरा थांबलं की परत वाघ.”

“दहा मिनिटांचा वाघ माझ्या माहेरी पण आहे,” वहिनी म्हणाली. “माझा भाऊ.”

बाबा हसले. मी हसले नाही. विनोद बरा होता, म्हणूनच हसले नाही.

वहिनीनं तीन दिवस त्या मोटरीची पूजा मांडली. दोन्ही प्लगला ठिणगी चांगली. दोन्ही सिलिंडरचा दाब सारखा. पंख्याचं रबर घसरतंय का पाहिलं. तसं असतं तर इंजिन बोंबललं असतं आणि नाव जागेवर राहिली असती, इथे इंजिनच मंदावत होतं. कार्ब्युरेटर उघडून, एकेक बारीक भोक फुंकून साफ केलं. पेट्रोलच्या पंपाचा पडदा नवा घातला. मी बाजूला छोटीला मांडीवर घेऊन एखादी चूक सापडते का ते बघत होते. सापडली नाही. हात इतके स्वच्छ चालत होते की माझा जळफळाट झाला.

पिंपात मोटर तासभर गुणगुणत राहिली.

“झालं,” वहिनी म्हणाली. “उद्या काकांबरोबर पाण्यात नेऊन बघते.”

“शाबास, उस्ताद,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी छोटीला बाटलीनं दूध पाजत होते. चार घोट झाले आणि ती चिडली. ओढतेय, ओढतेय, आणि निपल चपटं होऊन बसलंय. मी घाईत बाटलीचं झाकण फार घट्ट पिळलं होतं. दूध बाहेर जाईल तितकी हवा आत यायला वाट नको का? जरा सैल केलं, बुडबुडा वर गेला, आणि बाईसाहेब परत गटागटा प्यायला लागल्या.

मी तशीच बसून राहिले. दहा मिनिटं वाघ. जरा थांबलं की परत वाघ.

मोटर आजारी नव्हतीच. तिला पेट्रोल पोचत नव्हतं. टाकीला हवा मिळत नव्हती. आणि आम्हाला ते दिसणार कसं? पिंपाशेजारी आमची स्वतःची टाकी आणि नळी कायम जोडून ठेवलेली असते. गिऱ्हाईक नुसती मोटर आणतं. टाकी नावेतच राहते. वर्षानुवर्षं आम्ही लोकांच्या मोटरी आमच्या टाकीवर चालवून ‘झालं’ म्हणत आलो होतो.

छोटीचे कपडे बदलून पायऱ्यांवर आले तेव्हा वहिनी नावेत चढत होती. नावेत काकांची टाकी होती, झगझगीत निळा रंग नुकताच दिलेला. झाकणावरसुद्धा. झाकणातलं सुईएवढं हवेचं भोक रंगानं लिंपलेलं मला इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं. पण मला ठाऊक होतं.

“वन्सं, येता का फेरीला?” वहिनी ओरडली. मला वन्सं ती फक्त थट्टेनं म्हणते.

“तू जा,” मी म्हणाले. “उस्ताद तू.”

एवढंच बोलले. दोन शब्द जास्तीचे बोलता आले असते. पण मला तिचा चेहरा पडलेला बघायचा होता, बाबांसमोर. एकदाच. चाळीस बादल्या उपसताना बघायचं होतं.

नाव झोकात निघाली. बाबा माझ्याशेजारी कान टवकारून उभे राहिले. मी मनात मिनिटं मोजत होते. नवव्याला आवाज बसला. दहाव्याला मोटर बंद पडली, आणि नेमकी मधल्या धारेत. नाव आडवी फिरली आणि खालच्या पुलाच्या खांबांकडे वाहायला लागली. काका वल्हं मारत होते, पण धार त्यांना जुमानत नव्हती. वहिनी दोरी ओढत होती, पुन्हा, पुन्हा. तिला पोहता येत नाही. हे मला माहीत होतं, आणि सकाळपासून मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

मी छोटीला बाबांच्या हातात कोंबलं आणि शेवटच्या पायरीपर्यंत धावत गेले.

“झाकण! टाकीचं झाकण सैल कर! वहिनी, झाकण!”

मोटर गप्प होती म्हणून आवाज पोचला. तिनं मान वळवली, वाकली, झाकण फिरवलं. मग पेट्रोल पुढे ढकलायला नळीतला रबराचा फुगा तीनचार वेळा दाबला. दोरी ओढली. एक खोकला, आणि मोटर गरजली. खांबापासून दोन हातांवरून नाव वळली.

काठाला लागली तेव्हा वहिनीचे ओठ पांढरे पडले होते. “झाकण उघडताच श्वास घेतला टाकीनं,” ती म्हणाली. “हुश्श केलं.”

काकांनी कपाळाला हात लावला. “रंग मीच दिला हो. म्हटलं, म्हातारीला जरा नटवावं.”

“तुला कसं कळलं गं?” बाबांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, “आत्ता सुचलं त्यांना, आवाज ऐकून. कान कुणाचा आहे!” आणि माझ्याकडे बघितलं. ते ‘तू जा’ तिला आता नीट ऐकू आलं होतं.

म्हणजे कामात तर ती चांगली होतीच, आता मला पाठीशी घालण्यातही चांगली. हे मात्र मला गिळवेना.

“नाही बाबा,” मी म्हणाले. “सकाळी कळलं होतं. छोटीला पाजताना. मी बोलले नाही.”

बाबांनी एकदा नदीकडे, एकदा पुलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ‘घरी जा, दमली असशील’ म्हणतील. तेवढं सोडून काहीही चाललं असतं.

शेडमध्ये आल्यावर ते म्हणाले, “पिंप कोण उपसणार?”

“मीच की,” वहिनी बादलीकडे वळली. “कार्ब्युरेटर उगाच खोललं.”

“तुझं निदान चुकलं,” बाबा म्हणाले. “हिचं बरोबर होतं, आणि हिनं नाव पाण्यात जाऊ दिली. पाण्यात गेलेली चूक मोठी.” मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, “बादली घे, पोरी. साडी खोच.”

मी पदर खोचला. डोळे भरून आले होते, पण त्या पाण्याचा वास तसाही डोळ्यांना झोंबतोच. दीड वर्षात बाबांनी मला पहिल्यांदा काम सांगितलं होतं.

वहिनी छोटीला घेऊन काठावर बसली. “एक,” ती मोठ्यांदा म्हणाली. “दोन. वन्सं, अर्धी बादली धरली जाणार नाही हं.”

सातव्या बादलीला छोटी तिच्या खांद्यावर गाल टेकून झोपली. मी घरी झोपवायला लागले की तिला तासभर लागतो.

मी आठवी बादली जरा जोरातच ओतली.