पार्टिशनमधला आवाज

बाळरावांचे कान एके काळी सदाशिव पेठेत प्रसिद्ध होते. टेलिफोन खात्यात असताना रिसीव्हर कानाला लावून, डोळे मिटून, बिघाड तारेत आहे की जोडात हे ते सांगायचे. वर तक्रार करणाऱ्यालाच सुनवायचे, "यंत्र उत्तम आहे. बोलणाऱ्यात दोष आहे." तोंड तिखट, पण कान खरे. आता त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, दिवस कॉटवर जात होता, आणि त्यांना पार्टिशनमधून आवाज ऐकू येत होते.

हे पार्टिशनही त्यांच्याच आजारपणासाठी घातलेलं. तळमजल्यावरचं लहान घर, जिने चढण्याचा त्रास नाही एवढंच त्याचं कौतुक. हॉलमध्ये प्लायवूड उभं करून अलीकडे बाळरावांची कॉट टाकली आणि पलीकडे देव ठेवले. कॉटची उशाकडची बाजू पार्टिशनला टेकलेली.

श्रावणात एका संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडाली. त्यांच्या बायकोने, वासंतीबाईंनी, सगळ्यांसारखाच दिवा मालवला आणि पाण्याचं पातेलं ठेवलं. सकाळी खिडकीच्या कडेला पंखांचा नुसता भुसा पडला होता.

"मुंग्यांना पंख फुटले की त्यांचे दिवस भरतात," केर काढता काढता वासंतीबाई म्हणाल्या.

बाळरावांनी उशीवरचा एक किडा चिमटीत धरून उजेडात नेला. "मुंगी नाही ही. मुंगीला कंबर असते. हिला आहे का कुठे?" आणि त्यांनी बायकोकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. वासंतीबाईंनी रागारागाने केरसुणी आपटली आणि सगळे पंख सुपलीत भरून टाकून दिले. नवऱ्याचा टोमणा तेवढा लक्षात राहिला, त्यातली माहिती केरात गेली.

नवरात्राच्या थोडं आधी ते म्हणाले, "वासंती, उशाशी कोणीतरी टकटक करतंय. थांबून थांबून. आणि कुरतडतंय."

वासंतीबाईंनी होत्या तिथूनच कान दिला. रस्त्यावरच्या स्कूटर आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सर यांपलीकडे त्यांना काही ऐकू आलं नाही. "उंदीर असेल," त्या म्हणाल्या.

"उंदराला इतकी शिस्त नसते."

रविवारी खराडीहून मुलगा आला. गंधार आयटीत, आईवडिलांवर जीव असलेला, आणि कायम घाईत. त्याने वडिलांचं ऐकून घेतलं, मग आईला स्वयंपाकघरात नेलं. "आई, बाबांना अजून टेलिफोनच ऐकू येतोय. डोक्यातली जुनी टकटक आहे ही. हे भास आहेत." वासंतीबाईंना ते पटलं. जन्मभर ज्याने तारांना कान लावला, त्याला म्हातारपणी दुसरं काय ऐकू येणार! डॉक्टरांनीही फोनवर सगळं ऐकलं आणि डोकं शांत करणारी गोळी लिहून दिली. भास झाले तरच द्यायची.

"आणि एवढ्यानेही भागलं नाही, तर शुश्रूषा केंद्राचा विचार करू," गंधार म्हणाला. "विश्रांतवाडीला एक चांगलं आहे. तू एकटी किती करशील?"

जन्मभर ज्याच्या टोमण्यांवर दात-ओठ खाल्ले, तो माणूस घरात नसला तर हे घर खायला उठेल, हे वासंतीबाईंना लख्ख कळलं. त्यांनी मनाशी ठरवलं, आवाजाचं नाव निघालं की गोळी द्यायची. ते शांत राहिले तर इथे राहतील. सरळ हिशोब होता, आणि तो प्रेमाचा होता, म्हणून त्यांना त्यातली चूक दिसली नाही.

घट बसले. परडीतल्या मातीत नऊ धान्यं पेरली, वर कलश ठेवला, माळ सोडली. दोनच दिवसांत देवामागच्या प्लायवूडवर मातीची एक रेघ दिसली, सुतळीएवढी जाड, खालून वर गेलेली. घटावर पाणी शिंपडताना माती उडाली असेल म्हणून वासंतीबाईंनी ती ओल्या फडक्याने पुसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होती आणि तिला फाटाही फुटला होता. कोणीही घट बाजूला करून मागे पाहिलं असतं. पण घट एकदा बसले की दसऱ्यापर्यंत हलवायचे नाहीत, हे त्यांना आईने शिकवलेलं. वासंतीबाईंनी हात जोडले आणि रेघ राहू दिली. धान्य यंदा छान उगवलंय, याचंच त्यांना समाधान.

पार्टिशनच्या अलीकडे बाळराव म्हणत होते, "वाढलाय आवाज. अगं, एकदा इकडे येऊन कान तरी लाव."

वासंतीबाई पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन येत. पहिल्यांदा ते ओरडले. नंतर त्यांनी गोळी जिभेखाली लपवली, तेव्हा वासंतीबाईंनी बोट घालून ती मागे ढकलली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडल्या. अष्टमीपासून मात्र बाळराव गप्प झाले. आमटीत मीठ जास्त पडलं तरी बोलले नाहीत. वासंतीबाईंनी पार्टिशनच्या पलीकडे उभं राहूनच गंधारला फोन करून सांगितलं, "गुण आला रे. आता कुठे न्यायची गरज नाही."

दसऱ्याला गंधार सकाळीच आला. पूजा झाली आणि वासंतीबाईंनी घट हलवला. परडीखालचा पाट उचलला तर वरची फळी हातात आली आणि खालचे पाय जमिनीलाच राहिले. पाटाच्या पोटात ओली माती, आणि मातीत तांदळाच्या कणीसारखे पांढुरके किडे सैरावैरा पळत होते. त्यांनी पार्टिशनवर अंगठा टेकवला. वरचा रंग शाबूत होता, पण अंगठा पापडातून जावा तसा आत गेला.

"वाळवी!" गंधार म्हणाला. त्याने वरपासून खालपर्यंत टिचक्या मारून पाहिल्या. सगळीकडे पोकळ वाजलं.

वासंतीबाईंनी पार्टिशनला कान लावला. आधी काहीच नाही. मग आतून बारीक टकटक आली. थांबली. पुन्हा आली, शिस्तीत. त्यांनी मुलाचं डोकं धरून त्याचाही कान तिथे लावला. गंधारचा चेहरा उतरला.

"बाबा बरोबर होते," तो म्हणाला. "आई, ते बरोबर होते आणि आपण..."

वासंतीबाईंना एकदम हलकं वाटलं आणि त्याच क्षणी भयंकर लाजही वाटली. नवऱ्याचं डोकं शाबूत होतं. आता ते काय काय बोलतील याची त्यांना जवळजवळ घाई झाली. हवं ते बोलू देत. कंबर काढू देत, अक्कल काढू देत, माहेर काढू देत. पाटाचा पोखरलेला तुकडा मुठीत घेऊन त्या बाळरावांच्या कॉटकडे धावल्या. मागोमाग गंधार आला.

"अहो, ऐकलंत का? तुमचं खरं होतं. वाळवी लागलीय पार्टिशनला. मी आत्ता ऐकला आवाज. यानेही ऐकला."

बाळरावांनी तुकड्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आधी बायकोची बंद मूठ पाहिली, मग दुसऱ्या हातात पेला आहे का ते पाहिलं, मग दारात उभ्या मुलाकडे पाहिलं. चांगल्या हाताने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"नाही गं," ते हळूच म्हणाले. "मला काही ऐकू येत नाही. कालही नाही आलं, आजही नाही. अगदी शांत आहे सगळं. मला कुठे नेऊ नका."