हलका हात

सकिनाचा डावा हात चार महिन्यांपासून सुजत होता आणि तिनं घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये तिचा डावा स्तन काढला होता, सोबत काखेतल्या गाठीही. तेव्हा दारातून परत गेलेलं दुखणं आता पुन्हा आलं, अशी तिची खात्रीच झाली. ती लांब बाह्यांचे कुडते घालू लागली.

एक दिवस घरात बसून कोळंबी सोलताना बोटात काटा गेला. दोन दिवसांत हात कोपरापर्यंत लाल झाला, ताप चढला. सून महरीननं बाही वर सारली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अम्मी, हे कधीपासून?"

सकिनानं बाही पुन्हा खाली ओढली. महरीननं सासऱ्याला, युसुफला, हाक मारली आणि पूर्णगडहून तिघं रत्नागिरीला दवाखान्यात आले.

पाच-सहा दिवसांत ताप उतरला. तपासण्या पाहून डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही. काट्यातून जंतू शिरले होते. मूळ सूज मात्र वेगळी आहे, ती राजश्रीबाई बघतील."

राजश्री फिजिओथेरपिस्ट. तिनं सकिनाचा हात टेपनं मोजला आणि विचारलं, "चाची, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, गाठ फुगते ना?"

"येतं की."

"ती लसीकाग्रंथी. जंतूंना तिथं अडवतात, म्हणून ती फुगते. अशा शेकडो ग्रंथी आहेत अंगात. मानेत, काखेत, पोटात. रक्तातलं पाणी सगळीकडे झिरपत असतं. त्यातलं उरलेलं पाणी केसांहून बारीक नळ्या गोळा करतात, ग्रंथींतून गाळतात आणि गळ्याखालच्या हाडामागं पुन्हा रक्तात सोडतात. रक्ताला हृदय ढकलतं. या पाण्याला, लसीकेला, तसा पंप नाही. नळ्या जराशा आकसतात. बाकी हात हलला, श्वास घेतला की ते पुढं सरकतं."

"मी तर हिला तांब्यासुद्धा उचलू देत नाही," युसुफ म्हणाला.

"हलकी कामं करू द्या, चाचा. काखेतल्या ग्रंथी काढल्या, म्हणून पाण्याची वाट अडली. त्यात हात नुसता ठेवून दिलात."

सकिनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. "हे तेव्हाच कुणी का नाही सांगितलं? चार महिने मी कफनाचा विचार करत होते!"

"सांगायला हवं होतं," राजश्री म्हणाली.

अडलेलं पाणी दुसऱ्या वाटेनं वळवायला घरातल्या कुणीतरी मालिश शिकायचं होतं. महरीन पुढं झाली, तेवढ्यात युसुफ म्हणाला, "मी शिकतो."

तीस वर्षं जाळी ओढलेले ते हात. त्यानं तेल रगडावं तसा जोर लावला.

"जोर नको, चाचा! या नळ्या कातडीच्या लगेच खाली आहेत, दाबल्या तर मिटतात. कातडी फक्त सरकवायची. आधी मान, मग उजवी काख, म्हणजे पुढची वाट मोकळी होते. मग छातीवरून डावीकडून उजवीकडे. हात सगळ्यात शेवटी."

युसुफचा हात गळ्यापाशी थांबला. तीन वर्षं सकिना दाराला कडी लावून कपडे बदलत होती. त्यानं तो व्रण पाहिलाच नव्हता.

"पुढचं घरी करा," राजश्री हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजानंतर सकिना डोळे मिटून आडवी झाली. युसुफची बोटं व्रणाच्या कडेला आली.

"दुखतं?"

"नाही. तिथं काही कळतच नाही."

त्यानं बोटं व्रणावरून हळूच सरकवली. "मला वाटायचं, तू बघू देणार नाहीस."

"मला वाटायचं, तुम्हाला बघायचंच नाही."

त्याचा हात इतका हलका झाला होता, की 'थांबलात का?' असं तिला दोनदा विचारावं लागलं.

दीड महिना मालिश, पट्ट्या, मग घट्ट बाही. हात टेपवर तीन सेंटिमीटर कमी भरला. "सूज पूर्ण जाईल?" सकिनानं विचारलं. राजश्रीनं मान हलवली. "नाही. जन्मभर सांभाळावी लागेल."

सकिना हातमोजे घालून ऑपरेशनआधीच्या कोळंबी सोलायच्या कामावर पुन्हा जाऊ लागली. तिथल्या सोबतीण हौसाच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा सकिना आपणहून तिच्या घरी गेली. तिनं बाही उतरवून सुजलेला हात तिच्यापुढं धरला.

"भिऊ नको गो. पण काखेतल्या गाठी काढणार का, ते डॉक्टरला आधी विचार. आणि तुझ्या घोवालाही सोबत ने, माझ्या घोवासारखा तोही शिकेल."